पेडलाची चाल

स्टँडर्ड हेरल्डचा गिअरबॉक्स गाडीखालून निघत नाही, तो गाडीच्या आतून काढावा लागतो. पुढच्या सीट उचलायच्या, मधलं दाबलेल्या पुठ्ठ्याचं झाकण सोडायचं, प्रॉपेलर शाफ्ट मोकळा करायचा आणि मग दोघांनी मिळून बॉक्स मागे ओढून डाव्या दारातून बाहेर घ्यायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा प्रकार भलताच वाटतो. पण एकदा सवय लागली की गाडीखाली उताणं पडून डोळ्यांत माती घेत काम करणं नकोसं होतं. पुढचं बॉनेट तर दोन्ही मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं. इंजिन चहूबाजूंनी उघडं पडतं आणि मिस्त्री खुशाल चाकावर बसून काम करतो. गाडी आखणाऱ्यांनी दुरुस्त करणाऱ्याचा विचार केला होता, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन.

मूळची ही ट्रायम्फ हेरल्ड. इंग्लंडात १९५९ साली आली, तिची बॉडी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने रेखाटली होती. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती ९४८ सीसीचं इंजिन घालून बनवली. अँबॅसडर आणि फियाट यांच्याखेरीज त्या काळात मध्यमवर्गाच्या नजरेत असलेली ही तिसरी गाडी. पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळायची, त्यामुळे पुण्याच्या पेठांमध्ये तिचं कौतुक फार.

माझी उमेदीची वर्षं ब्रेक-क्लचची सिलिंडरं बनवणाऱ्या कारखान्यात गेली, तीही क्वालिटी विभागात. नोकरी सोडल्यावर धायरीच्या बाजूला एक शेड घेतली आणि जुन्या गाड्यांची कामं सुरू केली. जोडीला एक मिस्त्री आहेत, वयाने माझ्यापेक्षा मोठे. हातात पाना आला की ते बोलायचे थांबतात, आणि थांबले की समजावं, काहीतरी सापडलंय.

मी सांगतोय ती हेरल्ड सदाशिव पेठेतल्या एका जोडप्याची होती, १९६६ सालची, दोन दारांची. कागदोपत्री काकांच्या नावावर, पण चालवतात बहुतेक वेळा काकूच. बँकेतून निवृत्त झालेल्या. दोघं एकाच गाडीतून आली आणि दोघांनी दोन तक्रारी सांगितल्या. काकांचं म्हणणं, गिअर करकरतो. उभ्या गाडीत पहिला टाकताना आवाज, रिव्हर्स टाकताना तर शेजारचे खिडकीत येतात. काकूंचं म्हणणं वेगळं. "अहो, क्लच जड झालाय. सिग्नलला उभं राहिलं की डावा गुडघा बोलतो."

काकांनी इलाजही सोबतच आणला होता. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं क्लचचं मास्टर सिलिंडर काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. मूळ गाडीत पाच अष्टमांश इंच बोअरचं असतं, हे ०.७० इंचाचं. मित्रमंडळींनी सांगितलं होतं की मोठं सिलिंडर बसवलं की सगळे प्रश्न मिटतात. सल्ला अगदीच वाऱ्यावरचा नव्हे. परदेशातले ट्रायम्फवालेही हा बदल करतात.

मी कागद ओढला. पाच अष्टमांश म्हणजे ०.६२५. तेल किती ढकललं जाणार हे व्यासाच्या वर्गावर ठरतं. ०.७० चा वर्ग भागिले ०.६२५ चा वर्ग, उत्तर सव्वा. म्हणजे पेडल तेवढंच दाबलं तरी खालच्या स्लेव्ह सिलिंडरकडे पाव हिस्सा जास्त तेल जाणार, क्लच पाव हिस्सा जास्त उघडणार. गिअर करकरायचा थांबेल, कबूल. पण पायाला जोरही पाव हिस्सा जास्त लागणार. हायड्रॉलिकमध्ये चाल आणि जोर यांचा गुणाकार ठरलेला असतो, एक वाढवलं की दुसऱ्याची किंमत मोजावी लागते.

काकूंनी कागद आपल्याकडे फिरवून घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे यांच्या खात्यात जमा आणि माझ्या खात्यात नावे."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. ते सिलिंडर मी काकांना परत गुंडाळून दिलं आणि म्हटलं, आधी चाल कुठे गळतेय ते बघू. पायाने दिलेली हालचाल पेडलाच्या पिनीतून मास्टरच्या दांड्यात, तिथून तेलात, तेलातून पाइप आणि होजमधून स्लेव्हमध्ये, मग फोर्कवर, बेअरिंगवर आणि शेवटी प्रेशर प्लेटच्या बोटांवर जाते. एवढ्या टप्प्यांत प्रत्येकाने थोडी-थोडी खाल्ली की शेवटच्याच्या वाट्याला काही उरत नाही. गाडी पन्नाशी ओलांडलेली असली की खाणारे बरेच असतात.

मिस्त्रींनी पेडल दाबलं, मी स्लेव्हच्या दांड्याला पट्टी लावली. जेमतेम नऊ मिलिमीटर. अशा छोट्या इंग्रजी गाडीत अर्धा इंच, म्हणजे साडेबाराच्या आसपास चाल दिसल्याखेरीज माझं समाधान होत नाही.

पहिला चोर पेडलापाशीच सापडला. पेडल आणि मास्टरचा दांडा जोडणारी पीन काढली तर तिच्यावर नखाला लागेल एवढी खाच पडलेली. पेडलाचं भोकही गोल न राहता लांबट झालं होतं. आतली ढिलाई दीड-दोन मिलिमीटरची. ऐकायला किरकोळ वाटते, पण ही ढिलाई मास्टरच्या दांड्यावर आहे आणि त्या दांड्याची सगळी चाल इंच-सव्वा इंचाची. पेडलाचा पहिला दाब हवेतच जात होता. भोक वेल्डने भरून पुन्हा पाडलं, बुश बसवला, नवी पीन घातली. पैशाच्या मानाने या एका कामाने सगळ्यात जास्त दिलं. जुनी गाडी घेणाऱ्या कुणालाही मी हेच सांगतो: क्लचवर रुपया खर्च करण्याआधी पेडलाखाली डोकं घालून ती पीन हलवून बघा.

होजचं निदान मिस्त्रींनी केलं. मला पेडल दाबायला सांगून त्यांनी तो रबरी होज मुठीत धरला आणि नुसती मान हलवली. मी धरून पाहिला. दाबासरशी तो मुठीत फुगत होता. तेल दाबलं जात नाही, पण रबर फुगलं की तेवढी जागा तेलाला मिळते आणि ती चालीतून वजा होते. स्टीलची जाळी विणलेला नवा होज मागवला. याला मात्र मी बिनदिक्कत सुधारणा म्हणेन. रॅलीतले परीक्षक बॉनेटखाली डोकावून नाकं मुरडतात, मुरडू देत.

मग मास्टर उघडलं. हे गर्लिंग जातीचं सिलिंडर आहे, डोक्यावर तेलाचा डबा आणि आत मधोमध व्हॉल्व्ह. सरक्लिप काढून लाकडावर दोन टिचक्या मारल्या की प्लंजर स्प्रिंगसकट बाहेर येतो. प्लंजरच्या टोकाला पत्र्याचं छोटं टोपण असतं, त्याची एक बारीक जीभ प्लंजरच्या खाचेत अडकलेली असते. अगदी पातळ पेचकसाने ती जीभ केसभर उचलायची, की टोपण निघतं आणि स्प्रिंग दाबून धरली तर व्हॉल्व्हची दांडी मोकळी होते. दांडीच्या टोकाला मसुराच्या दाण्याएवढं रबरी सील, त्यामागे लाटेच्या आकाराचा एक वॉशर. हा वॉशर इतका पातळ की तेलाने बोटाला चिकटून कधी जातो कळत नाही, आणि तो नसला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. म्हणून हे काम मी स्टीलच्या पांढऱ्या ट्रेमध्ये करतो आणि त्या वेळी शेडमधला पंखा बंद असतो.

सील बाहेर काढलं तर फुगून मऊ पडलेलं. कधीतरी कुणीतरी डब्यात साधं मिनरल ऑइल ओतलं असणार. क्लचला लागतं ते ब्रेक ऑइलच, ग्लायकॉलवालं. या सीलांचं रबर त्याच्याच जोडीने राहतं, मिनरल ऑइलने ते फुगतं. बोअरमध्ये बॅटरी धरून पाहिलं तर खालच्या अंगाला गंजाचे खड्डे. ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढतं. पुण्यातला पावसाळा आणि वर्षानुवर्षं न बदललेलं तेल, मग दुसरं काय होणार? होन मारून खड्डे गेले असते, पण बोअर मोठा होऊन सील सैल बसलं असतं. त्यामुळे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून बोअर पुन्हा पाच अष्टमांशला आणला. तिथला टर्नर बोट घालून म्हणाला, झक्कास झालंय. मी बोअर गेज काढल्यावर त्याचा चेहरा पडला. पण नोकरीत एअर गेजवर मायक्रॉन मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला बोटावर विश्वास ठेवता येत नाही. गेजनेही टर्नरलाच दुजोरा दिला, हे इथे नोंदवायला हवं.

आता त्या जागेकडे येतो, जिथे क्लचचं काम करणारे बहुतेक जण बघतच नाहीत. बॉनेट उघडं असताना इंजिनाच्या पुढच्या पुलीवर डायल गेज लावला आणि मिस्त्रींना पेडल दाबायला सांगितलं. काटा सरकला. मग क्रँक पाठीमागे रेटून शून्य घेतला आणि पुन्हा पेडल दाबून मोजलं. चौदा थाऊ, म्हणजे एक इंचाचे हजारावे चौदा भाग. असायला हवेत चार ते आठ.

प्रकार असा की क्लच दाबला की बेअरिंग प्रेशर प्लेटला पुढे रेटतं, आणि तिच्याबरोबर फ्लायव्हील आणि अख्खी क्रँकशाफ्ट पुढे ढकलली जाते. हा धक्का झेलायला या इंजिनात मागच्या मेन बेअरिंगपाशी दोन अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर असतात. जी गाडी सिग्नलला पाय क्लचवर ठेवून उभी केली जाते तिचे वॉशर झिजतात, आणि फारच झिजले तर जागेवरून निसटून इंजिनाखालच्या तेलाच्या संपमध्ये पडतात. मग क्रँक थेट इंजिनाच्या ब्लॉकवर घासते. एका क्लचच्या तक्रारीपायी ब्लॉक कामातून गेलेली इंजिनं मी पाहिली आहेत.

चौदा थाऊने पेडलाची चाल फारशी खाल्ली जात नाही, हे खरं. पण काकांनी आणलेलं मोठं सिलिंडर बसवून मी गिअरचा आवाज घालवला असता, तर या डायलकडे बघायचं कारणच उरलं नसतं. मोठ्या सिलिंडरावर माझा राग आहे तो याच कारणाने. ते दोष दुरुस्त करत नाही, त्याच्यावर चाल ओतून त्याला बुडवतं.

संप उतरवला, मागची मेन बेअरिंग कॅप सोडली, पितळी पट्टीने जुने वॉशर त्यांच्या खाचेतून फिरवून बाहेर घेतले. एका बाजूला मूळ मापाचा आणि दुसऱ्या बाजूला पाच थाऊ जाडीचा वाढीव वॉशर बसवला. वॉशरच्या तेलाच्या खाचा क्रँककडेच हव्यात. उलटे बसवलेले वॉशरही मी पाहिलेत, पण तो विषय नको. डायल सहावर आला. मिस्त्री म्हणाले, "साहेब, आता क्लचचं काम सुरू करू." इतका वेळ आम्ही काय करत होतो, हे मी विचारलं नाही.

यानंतर गिअरबॉक्स बाहेर आला. क्रँकच्या मागच्या टोकात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक ज्यात फिरतं तो स्पायगॉट बुश कोरडा ठणठणीत होता. हा अडकला तर क्लच पूर्ण सुटला तरी इंजिन शाफ्टला ओढत राहतं, आणि गिअर करकरतो तो करकरतोच. बुश बंद भोकात असतो, मागून ठोकता येत नाही. त्यावर गॅरेजमधली जुनी युक्ती म्हणजे भोकात ग्रीस ठासून भरायचं, भोकात घट्ट बसेल असा गज घालायचा आणि हातोडा मारायचा. ग्रीसला जायला जागा नसते, ते बुशच्या पाठीमागे जाऊन त्यालाच बाहेर ढकलतं. ज्या नियमावर क्लच चालतो त्याच नियमाने बुश निघतो. काका तिथेच उभे होते आणि या एका गोष्टीने ते इतके खूश झाले की तेवढ्यापुरतं खर्चाचं विचारणं बंद झालं.

काकूंच्या गुडघ्याचा हिशेब अजून बाकी होता. ढिलाई काढल्यावर चाल परत मिळाली होती, पण जोर कमी झाला नव्हता. तो प्रेशर प्लेटकडे मागावा लागणार होता. या हेरल्डची जुनी प्रेशर प्लेट कॉइल स्प्रिंगांची, गोलाकार बसवलेल्या छोट्या-छोट्या स्प्रिंगांची. अशी स्प्रिंग जितकी दाबाल तितका जोर वाढत जातो, म्हणजे पेडल तळाला असताना पायावर सगळ्यात जास्त भार. सिग्नलला पाय नेमका तिथेच असतो. डायफ्राम स्प्रिंग ही एकच बशीच्या आकाराची पोलादी चकती. ती एका टप्प्यापर्यंत जोर मागते आणि तो टप्पा ओलांडला की उलट सैल पडते. इंग्लंडात ट्रायम्फनेही पुढे या छोट्या गाड्यांना डायफ्राम क्लच दिला. तो तिथे अजून मिळतो. काकूंच्या पुतणीने लेस्टरहून येताना सामानात आणला. विमानतळावर स्कॅनरखाली ती जड गोल वस्तू पाहून तिला बाजूला घेतलं होतं म्हणे, तिने फोनवर काकांशी बोलणं करून दिलं आणि काकांनी अधिकाऱ्याला हेरल्डचा सगळा इतिहास ऐकवला.

प्लेट आली, पण आमच्या फ्लायव्हीलवरची भोकं जुळेनात. मिस्त्रींनी पहिल्यांदा ठाम विरोध केला. "साहेब, हे फ्लायव्हील परत मिळायचं नाही. प्लेट काय, कधीही मिळेल." बोलणं बरोबर होतं. शेवटी जुनी भोकं आणि डॉवेल आहेत तशीच ठेवून नवी भोकं त्यांच्या मधल्या जागेत जिग बोअरिंगवर पाडली आणि फ्लायव्हील प्लेटसकट बॅलन्स करून आणलं. उद्या कुणाला मूळ प्लेट परत बसवायची झाली तर बसेल. जुन्या गाडीत बदल करताना एवढी एक अट मी पाळतो: मागे फिरायची वाट बुजवायची नाही. नव्या गाड्यांतलं गिअरबॉक्सच्या आत शाफ्टभोवती बसणारं स्लेव्ह सिलिंडरही हल्ली काही जण जुन्या गाड्यांत घालतात. चालतं छान. पण गळलं की सीट काढण्यापासून सगळं पुन्हा, आणि हेरल्डचं मूळ स्लेव्ह झाकण काढून पाच मिनिटांत हाताला लागतं. मला हा सौदा पटत नाही.

एअर काढताना पेडल मार-धर-सोड करत बसलो नाही. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली, स्लेव्हच्या निपलला नळी लावून खालून तेल वर ढकललं. हवेचे बुडबुडे वरच जाऊ बघतात, त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यावं. डब्यात बुडबुडे येताना दिसतात आणि थांबलेले कळतात.

तेल कोणतं घालायचं यावर काकांनी वाचून ठेवलं होतं. सिलिकॉनवालं डॉट ५ घाला, ते पाणी ओढत नाही, रंगही खात नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण ग्लायकॉलमध्ये ते मिसळत नाही, आणि घाटात अडचण आली तर रस्त्यावरचा मेकॅनिक डॉट ३ नाहीतर डॉट ४ च ओतणार. म्हणून मी डॉट ४ घातलं. डॉट ४ चा कोरडा उत्कलनबिंदू २३० अंश असतो तर डॉट ३ चा २०५, पण क्लचच्या तेलाला तेवढी उष्णता कुठली लागायला. तिथे शत्रू पाणी आहे. दर दोन वर्षांनी पावसाळा संपला की बदलायचं, हे काकूंनी गाडीच्या विम्याच्या तारखेशेजारी डायरीत लिहून घेतलं.

स्लेव्हच्या दांड्याची चाल साडेबारा भरली, मूळच्याच पाच अष्टमांशच्या सिलिंडरावर. चाचणीला दिवे घाटातून सासवडला गेलो. चालवायला काकू, शेजारी मी, मागे काका आणि त्यांचे प्रश्न. रविवारची गर्दी, एसटीमागे रांग, चढावर थांब-चाल थांब-चाल. काकूंनी पाय सुटा करून पुन्हा क्लच दाबला, परत सोडला. वर पोचल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "गुडघा गप्प आहे."

काकांना मात्र रिव्हर्समध्ये अजूनही बारीक आवाज येतो. या गिअरबॉक्समध्ये पहिल्याला आणि रिव्हर्सला सिंक्रोमेश नाही. क्लच दाबल्यावर आतले गिअर फिरायचे थांबेपर्यंत क्षण-दोन क्षण धीर धरावा लागतो, त्याआधी टाकला की तो बोलणारच. हे कितीही वेळा सांगितलं तरी त्यांना तो माझ्या कामाचा राहिलेला भाग वाटतो. त्या वेळी काकू म्हणतात, "मी चालवते तेव्हा नाही येत."

या कामाची बातमी हेरल्डवाल्यांमध्ये फिरली. थोड्या दिवसांनी दुसरे एक गृहस्थ आपली गाडी घेऊन आले आणि म्हणाले, त्यांना केलंत ते सगळं मला करून द्या, डायफ्रामसकट. मी पीन हलवून पाहिली, पुलीवर डायल लावला, स्लेव्हला पट्टी धरली. सगळं जागेवर. त्यांचा होज तेवढा फुगत होता. नवा होज घातला, तेल बदललं, एअर काढली आणि संध्याकाळच्या आत गाडी दिली. पैसे देताना ते जरा नाराजच दिसले. अपग्रेड हवं म्हणून आले होते, आणि बिलावर एका होजचे आणि डबाभर तेलाचे पैसे होते.